एक किल्ली, अनेक दारे

आजच्या कचेरीत टपालाचे दार वेगळे, पगाराचे वेगळे, हिशेबाचे वेगळे. आणि प्रत्येक दाराला निराळा परवलीचा शब्द! मग माणूस करतो काय? चिठोऱ्यावर सगळे शब्द लिहून ठेवतो. कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यातलाच हा प्रकार.

हे दुखणे जुने आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची सोय झाली, आणि ज्याला त्याला परवलीचा शब्द मिळाला. पुढच्याच वर्षी तेथील अ‍ॅलन शेर यांनी जादा वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून घेतली!

त्याच संस्थेत १९८३ साली 'अथेना' प्रकल्प निघाला. शेकडो यंत्रे तारांनी जोडली जायची होती. तारेवरचा शब्द मधल्यामध्ये कोणीही टिपला असता. त्यावर तोड निघाली 'कर्बेरॉस'. ग्रीक पुराणात पाताळाचे दार राखणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. युक्ती अशी, की ओळख एकदाच, एकाच पहारेकऱ्याला पटवायची. तो ठरावीक मुदतीचे तिकीट देतो आणि पुढची दारे तिकीट पाहून उघडतात. खुद्द शब्द तारेवरून जातच नाही.

आज 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात, त्यामागे हाच विचार आहे. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव एका ठिकाणी खोडले, की त्याला सारी दारे बंद. पण ती एकच किल्ली चोराच्या हाती पडली तर? सारा वाडाच उघडा! म्हणून त्या पहिल्या दारावर शब्दाखेरीज दुसरा पुरावाही मागावा. दारे एकाच्या हवाली केली, तर पहारा दुप्पट हवा. हे आपण विसरू नये.