वर्गातील विकी : पुण्यातील २०११ चा प्रयोग

विकी म्हणजे केवळ विकिपीडिया नव्हे. वाचणाऱ्यालाच बदलता येते असे पान म्हणजे विकी. अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील शब्द, अर्थ ‘झटपट’. २००१ मध्ये विकिपीडिया आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला.

भारतातील वर्गांत विकी मोठ्या प्रमाणावर आणण्याचा प्रयोग २०११ मध्ये पुण्यात झाला. विकिमीडिया फाउंडेशनच्या या उपक्रमात पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांचा समावेश होता. विद्यार्थ्यांनी आपल्या विषयावरील लेख इंग्रजी विकिपीडियावर लिहायचे, अशी योजना होती. मदतीला ‘कॅम्पस अॅम्बॅसेडर’ होते. पण अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा टाकला. हा कॉपीराइटचा भंग होता. तो शोधून काढण्याचे काम जगभरच्या स्वयंसेवकांवर पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रयोग थांबवावा लागला.

असे का झाले? विद्यार्थी खूप आणि अनुभवी संपादक थोडे, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या सवयीत आहे. जर्नल ‘छापणे’ आपल्याकडे कोणाला फारसे खटकत नाही, कारण ते तुमच्यात आणि शिक्षकांतच राहते. विकीवरचे लेखन मात्र सर्वांसमोर असते आणि कोणीही ते पुन्हा वापरू शकतो. म्हणून दुसऱ्याचा मजकूर तिथे ठेवणे म्हणजे आपल्या मालकीची नसलेली वस्तू वाटून टाकणे होय.

यावरून विकी वर्गात नको, असा निष्कर्ष काढू नका. सुरुवात लहान ठेवा. उदाहरणार्थ, चौघांनी मिळून दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर टिपण लिहा. एकाने त्याचे जुने नाव, कर्झन रोड, आणि नामांतर पाहावे. दुसऱ्याने कस्तुरबांविषयी लिहावे. त्यांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत झाले. तिसऱ्याने या मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनाची माहिती घ्यावी. जुने सदन कोपर्निकस मार्गावर आहे, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ शकते. चौथ्याने प्रत्येक वाक्याचा आधार तपासावा.

हे सारे आधी ‘धूळपाटी’वर करा. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला हेच नाव आहे. पूर्वी मुले धुळीत बोटाने अक्षरे गिरवत, तीच ही पाटी. मतभेद ‘चर्चा’ पानावर मांडा. कोणी काय आणि केव्हा लिहिले, हे ‘इतिहास पहा’ या कळीवर दिसते. त्यामुळे गटातील एकानेच काम केले आणि गुण मात्र चौघांना मिळाले, असे होत नाही.

संदर्भ वाचा, पुस्तक मिटा आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहा. ही शिस्त अंगवळणी पडली, तरच आपले लेखन सर्वांसाठी खुले करा.