जामखेड : आधी पाणी, मग औषध

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी महाराष्ट्रात काढला त्यांना मिलो आणि सुकडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपली पुष्कळ कुटुंबे तोवर इस्राएलात आली होती. त्यांना तो मागे राहिलेल्या नातलगांच्या पत्रांतून कळला. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि विहिरींचे तळ दिसत होते. त्याच दिवसांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड या कोरडवाहू तालुक्यात एक काम मूळ धरत होते. आपल्या वाचकांना ते ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि १९७० साली जामखेडला राहिले. गावकऱ्यांनी गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली, तिथेच काम सुरू झाले. डॉक्टर आले म्हणजे लोक औषध मागतील अशी कोणाचीही समजूत. लोकांनी मागितले ते पाणी आणि अन्न. तेव्हा मुलांसाठी अन्न शिजू लागले आणि कूपनलिका खोदल्या गेल्या. कूपनलिका कुठे घ्यायची यातही आरोळ्यांची युक्ती होती. ती दलित वस्तीत घेतली की पाण्यासाठी सवर्णांनाही तिथे यावे लागे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांच्याच दारात घागर घेऊन उभे राहायचे! शिवाशिवीविरुद्ध शंभर व्याख्याने दिली असती तरी एवढे झाले नसते.

गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला डॉक्टर त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळत. त्यातून शेतकरी मंडळे निघाली, मागून महिला मंडळे. बांधबंदिस्ती, झाडे लावणे, शेळीसाठी किंवा बांगड्यांच्या धंद्यासाठी लहानसे कर्ज ही कामे या मंडळांनी उचलली.

पण कामाचा खरा कणा वेगळा होता. आरंभी गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. परकी तरुण मुलगी खेड्यात एकटी राहायला कचरे, आणि गावालाही तिचे बोलणे आपले वाटेना. मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी असे ठरले. यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि मुक्काम करीत. पांघरायला एकच मोठे पांघरूण असे, म्हणजे सगळ्या जातींच्या बायांनी त्याखालीच निजायचे. बाळंतपण सुरक्षित कसे करावे, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, कुष्ठरोग अंगावर कुठे ओळखावा हे त्या शिकल्या आणि गावात परतून इतरांना शिकवू लागल्या. अक्षर न येणाऱ्या बायांनी वर्ग चालवले, हे वाचताना आमच्यासारख्या खडू-फळ्यात जन्म घालवलेल्यांना थोडे खजील व्हायला होते.

इथे टिपत हालावमध्ये बाळाला वजनाला नेणे आपल्या मुलींना नवे नाही. फरक इतकाच की जामखेडात वजन करणारी बाई शेजारच्याच घरातली असे.

१९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. नव्वदीच्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. नाव डॉक्टरांचे झाले आणि ते योग्यच होते, तरी त्या गावच्या बायांची नावे किती जणांना माहीत आहेत?

२००५ साली भारत सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान काढले आणि गावोगाव 'आशा' नेमल्या. कल्पना पुष्कळशी जामखेडचीच. मात्र जामखेडात बाई शिकून गावात मान मिळवी, कर्ज काढून स्वतःचा धंदा करी. आशांच्या वाट्याला नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि कामागणिक तुटपुंजा मोबदला आला. २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या, त्यांत नगर जिल्ह्यातल्याही होत्या.