सीओपीडीचा रिपोर्ट हातात आला. आकडे कसे वाचायचे?
एटापल्ली : सूरजागड परिसरात चुलीचा धूर रोजचाच, त्यात खाणीच्या अन् रस्त्याच्या धुळीची भर. त्यामुळे कधी बिडीला हात न लावलेल्या बाईलाही सीओपीडी निघू शकतो. निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे नळीत जोराने फुंकून होते.

रिपोर्टवर आकडे ढीगभर; आधी एकच बघा. छातीभर श्वास घेऊन बाहेर सोडलेली सगळी हवा म्हणजे एफव्हीसी, त्यातली पहिल्या सेकंदात निघालेली ती एफईव्ही-१. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचे. पंपाचे औषध दिल्यावरही उत्तर ०.७० पेक्षा कमी आले, तर श्वासनळ्या अरुंद झाल्यात. मग एफईव्ही-१ ची टक्केवारी : ८० किंवा जास्त सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, त्याखाली अतितीव्र. ४५ टक्के म्हणजे तेवढेच फुफ्फुस उरले, असे नव्हे! त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाशी ती तुलना असते.

भागाकार ठीक, पण एफव्हीसीच कमी असेल तर फुफ्फुसे नीट फुगत नसावीत; तो आजार वेगळा. खाणीत काम केले असल्यास डॉक्टरांना सांगाच. फुंक अर्धवट पडली तरी आकडे चुकतात. जुना रिपोर्ट फेकू नका, पुढच्या तपासणीला सोबत न्या.