चुंबळ, कमान आणि रबर : चालत्या वाहनावरील आवाजाच्या राखणीचा इतिहास

नागपूरच्या महाल भागातून निघून उमरेडची वाट धरली की लागणारे सक्करदरा हे भोसल्यांच्या काळी शहराबाहेरचे, तलावाकाठचे आणि बागेचे ठिकाण होते. राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ साली सूफी संत ताजुद्दीन बाबांना येथील आपल्या वाड्यात आणले आणि तेव्हापासून या वाटेवर भाविकांची जी रीघ लागली, ती १९२५ साली बाबांचे निधन झाल्यानंतरही पुढे ताजाबादेच्या दर्ग्याकडे वाहत राहिली. ज्या वाटेवरून बैलबंड्या आणि टांगे गेले, त्याच वाटेवर आज उड्डाणपूल उभा आहे आणि त्यावरून लांब पल्ल्याच्या मोटारसायकली उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलाकडे जातात. त्यांपैकी काहींच्या पुढील बाजूस वारा कापणारे प्लास्टिकचे आवरण असते, ज्याला फेअरिंग म्हणतात, आणि त्या आवरणाच्या पोटात ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, बसवलेले असतात. या फेअरिंगचा थरकाप कसा आवरावा आणि त्यातील ध्वनियंत्रणा कशी वाचवावी, हा प्रश्न अगदी अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात चालत्या वाहनावर आवाज लादण्याची हौस जितकी जुनी, तितकाच हा प्रश्नही जुना आहे, आणि त्याचे पहिले उत्तर कारखान्यात नव्हे तर घरात सापडले होते.

ते उत्तर म्हणजे चुंबळ. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवली जाणारी कापडाची गुंडाळलेली कडी एवढाच तिचा अर्थ आज उरला असला, तरी तबला आणि डग्गा हेही चुंबळीवरच ठेवले जातात, आणि त्यामागचे कारण केवळ गोल बुडाचे वाद्य लवंडू नये एवढेच नाही. कठीण जमिनीला थेट टेकलेले वाद्य जमिनीचा धक्का उचलते आणि आपला नादही जमिनीला देऊन टाकते. चुंबळ मध्ये आली की दोघांची फारकत होते. मराठा फौजांत हत्तीच्या आणि उंटाच्या पाठीवरून नगारे चालत असत, आणि सेनासाहेबसुभा हा किताब मिरवणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या लष्करालाही नौबतीचा मान ठाऊक होता. हत्तीच्या पाठीवर आधी जाड भरीव गादी आणि मग वरचा भार, ही रचना जनावराच्या पाठीचे रक्षण करी आणि त्याच वेळी चालीचे हिसके वरच्या भारापर्यंत मऊ करून पोहोचवी. आजच्या भाषेत ज्याला कंपविलगीकरण म्हणतात, म्हणजे कंप निर्माण करणारी वस्तू आणि कंपापासून जपायची वस्तू यांच्यामध्ये लवचीक थर घालणे, ते याहून निराळे नाही.

चाकांच्या वाहनात मात्र गादीने भागत नसे. विदर्भातील बंडीचे लाकडी चाक, त्यावरची लोखंडी धाव आणि त्याखालची काळी कापसाची जमीन, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, यांच्या झटापटीत बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत धक्का सरळ पोहोचे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडागाड्यांखाली पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानी आल्या, १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेले रबरी टायर पुढे आणले, आणि कमान व रबर या दोन्ही गोष्टी कालांतराने हिंदुस्थानातील टांग्यांपर्यंत पोहोचल्या. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे: कमान रस्त्याचा मोठा आणि संथ धक्का पचवते, रबर बारीक आणि जलद थरथर पचवते, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

वाहनावर यंत्राचा आवाज चढला तो रेडिओच्या रूपाने. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी मोटोरोला या नावाचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत असे, आणि हादरा बसला की व्हॉल्व्हमधील तारा व जाळ्या स्वतःच थरथरून तो हादरा खरखरीच्या रूपाने ध्वनिक्षेपकातून ऐकू येई. म्हणजे कंप हा केवळ यंत्र मोडणारा शत्रू नव्हता, तो गाण्यातच शिरत होता. १९५६ साली क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क तबकडी वाजवणारे यंत्र बसवले. मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे घेणाऱ्या खास तबकड्या आणि जड हाताची सुई असा तो खटाटोप होता, परंतु तो फार वर्षे टिकला नाही. नागपुरात आकाशवाणीचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले खरे, पण त्या काळी रेडिओ हा घरातील फळीवर, विणलेल्या रुमालाखाली ठेवायचा ऐवज होता. तो रस्त्यावर यायला ट्रान्झिस्टर यावा लागला, ज्यात थरथरणारी तार नव्हती.

महाराष्ट्रात चालत्या गाडीवरील संगीत सर्वसामान्यांच्या कानी पडले ते बहुधा ऑटोरिक्षात, आणि या इतिहासात रिक्षाचालकांना मोटारसायकलस्वारांच्या आधीचे स्थान दिले पाहिजे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेली कॅसेट १९८०च्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि रिक्षाच्या पुढ्यात टेप व प्रवाशाच्या पाठीमागे स्पीकर ही जोडणी शहरोशहरी दिसू लागली. कॅसेटमध्ये फीत ज्या चुंबकीय डोक्यावरून सरकते, त्याचा कोन एका बारीक स्क्रूने बसवलेला असतो. इंजिनाच्या सततच्या थरथरीने तो स्क्रू ढिला झाला की गाण्यातील घुंगरू, झांज आणि स-श-षचे उच्चार बोथट होतात, आणि ऐकणाऱ्याला फीत जुनी झाली असे वाटत राहते. त्यामुळे टेपखाली फोमचा तुकडा, कंसाखाली सायकलच्या ट्यूबचे कापलेले वायसर, तारेला रबरी नळी, असे उपाय रूढ झाले. हे उपाय कोणत्याही पुस्तकात नव्हते, पण तत्त्वाने ते पूर्णपणे बरोबर होते. याच काळात पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरमध्ये इंजिन ज्या खिळीवर झुलते, तेथे दोन धातूच्या नळ्यांमध्ये दाबून भरलेले रबर असे. त्याला गॅरेजमधील कारागीर सायलेंट ब्लॉक म्हणत, आणि तो झिजला की स्कूटरचे पत्रे कसे वाजू लागतात, हे चेतकच्या मालकांना वेगळे सांगावे लागत नसे.

मोटारसायकलीवर फेअरिंग आणि संगीत एकत्र आले ते अमेरिकेत. हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडला १९६९ साली वटवाघळाच्या पंखांसारखे दिसणारे आवरण मिळाले, क्रेग व्हेटर यांचे विंडजॅमर हे कोणत्याही गाडीला जोडता येणारे फेअरिंग १९७१पासून गाजले, आणि १९८० साली होंडाची गोल्ड विंग इंटरस्टेट कारखान्यातूनच फेअरिंग लेवून बाहेर पडली. फेअरिंग म्हणजे पातळ कवच, आणि पातळ कवच हे वाद्याच्या पडद्यासारखे वागते. त्यामुळे इंजिन शांत केल्याशिवाय आवरणातील आवाज शांत होणार नाही, हे उत्पादकांना लवकरच कळले. नॉर्टनने १९६७च्या कमांडो गाडीत इंजिन रबरावर टांगले होते, हार्लेने १९८०च्या टूर ग्लाइडमध्ये तोच मार्ग धरला आणि फेअरिंगही हँडलवरून काढून सांगाड्याला जखडले. दुसरा मार्ग तोलदांड्याचा, म्हणजे इंजिनाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या वजनाने झटका जागीच खोडून काढण्याचा, ज्याची पायवाट इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिली. मद्रासेत १९५५पासून बनलेल्या बुलेटची धडधड पिढ्यान्पिढ्या अभिमानाचा विषय राहिली. बुलेट बनवणाऱ्या कंपनीनेच २०२०च्या मीटिऑर ३५०मध्ये तोलदांडा बसवला, तेव्हा अनेक जुन्या स्वारांना गाडीचा जीवच काढून घेतल्यासारखे वाटले. त्यांची भावना समजण्यासारखी आहे, परंतु ज्याला गाडीवर गाणे ऐकायचे आहे, त्याच्यासाठी हा बदल निःसंशय हिताचा होता.

याचे कारण आकड्यांत पाहता येते. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचा मुख्य झटका सेकंदाला ५० वेळा बसतो, आणि ५० ते १०० हर्ट्झ हाच साधारणपणे डग्ग्याच्या आणि ढोलाच्या घुमाऱ्याचा पट्टा आहे. म्हणून इंजिनाची थरथर गाण्याच्या खालच्या सुरांवर नेमकी चढून बसते. फेअरिंगच्या पाकळीची (आवरणाच्या एका सुट्या तुकड्याची) स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे टिचकी मारून सोडल्यावर ती ज्या गतीने थरथरते ती गती, या पट्ट्यात आली की अनुनाद होतो आणि थोडा कंप अनेक पटींनी वाढतो. रबरी आधार उपयोगी पडतो तो येणाऱ्या कंपाची वारंवारता आधाराच्या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल तेव्हाच. त्याहून खाली तो मदत करण्याऐवजी थरथर वाढवतो. याउलट काँक्रीटच्या रस्त्यावर, जेथे साधारण साडेचार मीटरच्या अंतराने सांधा येतो, ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने सेकंदाला जेमतेम पावणेचार धक्के बसतात. हे धक्के फेअरिंगच्या रबराच्या आवाक्यातले नव्हेत, ते शॉक अब्सॉर्बरचे आणि टायरमधील हवेचे काम आहे. रस्त्याच्या धक्क्यासाठी फेअरिंगमध्ये फोम कोंबणारा आणि इंजिनाच्या थरथरीसाठी शॉक अब्सॉर्बर बदलणारा, दोघेही कमान आणि रबर यांच्या जुन्या कामवाटणीला विसरलेले असतात.

फेअरिंगच्या जोडाकडे जवळून पाहिले तर हा सगळा इतिहास अंगठ्याएवढ्या वस्तूत उतरलेला दिसतो. रबराची एक पोकळ गुडदी आणि तिच्या टोकाशी पक्की बसवलेली पितळी आट्यांची नळी, एवढाच तो रबरी नट असतो. तो प्लास्टिकच्या छिद्रात घालून समोरून स्क्रू आवळला की पितळ पुढे ओढले जाते, रबर छिद्रामागे फुगते आणि पाकळीला धातूचा स्पर्शही न होता धरून ठेवते. स्क्रू ढिला राहिला तर पाकळी खडखडते आणि अति आवळला तर रबर चिरडून लवचीकपणा गमावते. मधली जागा हाताला सापडते, पान्याला नाही. त्यानंतर पाकळीच्या आतील बाजूस ब्युटाइल रबराची चिकट पट्टी लावतात, जिच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. पाकळी वाकली की रबर दोन कठीण थरांत घासले जाते आणि कंपाची शक्ती उष्णतेत विरते. आठवडी बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि खणखणीत नाद आला तर माठ पसंत करते. फेअरिंगची परीक्षा नेमकी उलट असते, येथे टण असा नाद आला तर काम अपुरे आणि थप असा आला तर पुरे. ध्वनिक्षेपकाच्या कडेखाली मऊ फोमची सलग कडी, म्हणजे खरी चुंबळच, हवी, कारण तेथे फट राहिली तर पडद्यामागचा आवाज पुढे येऊन समोरच्या आवाजाला खातो. वायरिंगही सैल लोंबकळू देता कामा नये, कारण जोडपिना एकमेकींवर बारीक घासत राहिल्या की त्यांवर पुटे चढतात आणि आवाज अधूनमधून तुटतो. ध्वनिक्षेपक बिघडल्याची तक्रार पुष्कळदा या पिनांपाशीच संपते.

नागपुरात या कामाला एक वेगळाच शत्रू आहे आणि तो म्हणजे ऊन. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या हवेत उभी केलेली गाडी हवेहून कितीतरी अधिक तापते. स्वस्त डांबरी पट्ट्या तेव्हा मऊ होऊन घसरतात, त्यामुळे येथे ब्युटाइलच वापरणे शहाणपणाचे आहे. रबर तर सरकत नाही, पण वर्षावर्षाने कडक होत जाते, आणि कडक रबराची नैसर्गिक वारंवारता वाढल्यामुळे ज्या थरथरीपासून ते कालपर्यंत वाचवत होते तीच थरथर ते आज पुढे पोहोचवू लागते. म्हणून प्रत्येक उन्हाळा सरल्यावर फेअरिंगचे रबरी नट आणि इंजिनाचे आधार नखाने दाबून पाहावेत, आणि नख रुतत नसेल तर ते रबर, दिसायला अखंड असले तरी, बदलून टाकावे.