सही असलेले वाद्य : वाजवावे की जपावे?

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत गवसणीत घातलेला एखादा तंबोरा, सतार किंवा बाजाची पेटी अजून सापडते. त्यांतील काही वाद्यांवर घरी येऊन गेलेल्या गवयाची सही असते. कोणी मैफलीनंतर आग्रहाने ती घेतलेली असते, तर कोणास गुरूने वाद्य देताना त्यावर आपले नाव घातलेले असते. अशा वाद्याचे पुढे काय करावे, यावर घरात हटकून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, वाद्य हे वाजविण्यासाठीच असते, तेव्हा ते मुलांच्या हाती द्यावे. दुसरा म्हणतो, सही पुसली गेली तर उरले काय? ते काचेच्या कपाटात ठेवावे. हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. युरोप-अमेरिकेत तो दीर्घकाळ चालला असून तेथील अनुभव आपल्याही उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम सहीचाच विचार करू. इटलीतील क्रेमोना या गावी व्हायोलिने घडविणारे अंतोनियो स्त्रादिवारी वाद्याच्या पोटात आपल्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवीत आणि सालाचे अखेरचे आकडे हाताने लिहीत. कारागिराची सही म्हणावी ती हीच. पुढे एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून निघालेल्या हजारो स्वस्त व्हायोलिनांत याच नावाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या गेल्या. त्यामुळे आज चिठ्ठी पाहून वाद्य खरे मानण्यास कोणी जाणकार तयार होत नाही. वाद्य कोणाकडून कोणाकडे गेले, केव्हा दुरुस्त झाले, कोणी वाजविले, याच्या नोंदींचा माग लागला तरच त्या चिठ्ठीला किंमत येते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

क्रेमोनाचेच दुसरे कारागीर ज्युसेप्पे ग्वार्नेरी आपल्या चिठ्ठीवर क्रूस व येशूच्या नावाची अक्षरे छापीत. त्यावरून त्यांना ‘देल जेसू’ हे नाव पडले. त्यांनी 1743 साली घडविलेले एक व्हायोलिन निकोलो पागानिनी या विख्यात वादकाकडे आले. त्याच्या दणदणीत नादामुळे पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणत. 1837 सालच्या मृत्युपत्रात त्यांनी ते आपल्या जन्मगावास, जिनोआ शहरास दिले आणि ते तेथे कायम जतन व्हावे अशी इच्छा लिहून ठेवली. 1840 साली पागानिनी वारले व 1851 साली वाद्य शहराच्या ताब्यात आले.

मृत्युपत्रातील शब्द जतनाचा होता. तरीही जिनोआच्या नगरपालिकेने त्याचा अर्थ ‘कधीही वाजवू नये’ असा केला नाही. पागानिनींचे शिष्य कामिल्लो सिव्होरी यांनी ते वाजविले. 1954 साली पागानिनींच्या नावाची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या विजेत्यास या वाद्यावर वाजविण्याचा मान देण्याची रीत पडली. मात्र त्यास पहारा आहे, मुदत आहे, तपासणी आहे. 2024 साली तर फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने या वाद्याच्या लाकडाची आतून पाहणी करण्यात आली. हेतू हा की, वाजविण्याचा ताण ते कसे सोसते हे नेमके कळावे. पागानिनींच्या हनुवटीखाली त्याचे रोगण झिजले आहे. कोणी ते पुन्हा चढवून वाद्य नवेकोरे केले असते, तर पागानिनींच्या हाताळणीची ती खूण नाहीशी झाली असती.

दुसऱ्या पक्षाचे उदाहरण ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. स्त्रादिवारींचे 1716 सालचे ‘मसीहा’ नावाचे व्हायोलिन तेथे काचेआड असते व वाजविले जात नाही. वाद्यांचा व्यापारी तारीसिओ या व्हायोलिनाची सर्वत्र वाखाणणी करी, पण ते कोणास दाखवीत नसे. त्यावरून एकाने थट्टा केली की हे तर मसीहासारखे, वाट सारे पाहतात आणि येत मात्र नाही. तेच नाव त्यास चिकटले. लंडनच्या हिल घराण्याने 1939 साली ते संग्रहालयास दिले. पूर्वीही फार थोडे वाजविले गेल्यामुळे त्याच्या कडा व रोगण जवळजवळ नव्यासारखे राहिले आहे. स्त्रादिवारींच्या हातचे वाद्य मूळ कसे दिसत असेल, हे आजचा कारागीर येथे येऊन पाहू शकतो. तेव्हा न वाजविणे हा प्रत्येक वेळी कृपणपणाच असतो, असे म्हणता येत नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने काढलेला दिसतो. 1935 साली गर्ट्रूड व्हिटल या बाईंनी आपली स्त्रादिवारी वाद्ये या ग्रंथालयास दिली, ती तेथील मैफलींत वाजावीत म्हणून. याच ग्रंथालयात क्लोद लोराँ यांनी 1813 साली पॅरिसमध्ये घडविलेली स्फटिककाचेची बासरी आहे. तिच्या चांदीच्या सांध्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे नाव कोरलेले आहे. 2022 साली लिझो या गायिकेने रंगमंचावर तिचे काही सूर वाजविले. त्यावर बरीच टीका झाली. पण बासरी ग्रंथालयाच्या माणसांनीच पहाऱ्यात आणली आणि वाजवून होताच परत नेली. मालकी, पहारा व मुदत या तिन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या.

आता आपल्या तंबोऱ्याकडे येऊ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गायकी संपादन केली व पुढे मिरजेस ती विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकविली. त्याच मिरजेत घडलेले तंबोरे देशभरच्या गवयांकडे गेले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची रचना पाहिली तर आपल्या वादाचा निम्मा उलगडा होतो. तारा तुटतात व बदलतात. घोडीवर तारांच्या घर्षणाने खाचा पडतात. त्या घासून जवारी पुन्हा काढावी लागते. खुंट्या सैल झाल्या की नव्या बसवितात. हे भाग झिजण्यासाठीच असतात. सही मात्र यांवर नसते. ती असते भोपळ्यावर, तबलीवर किंवा दांडीवर. म्हणजे वाजविण्याने जे झिजते ते बदलता येते आणि ज्यावर सही आहे ते वाजविण्याने फारसे झिजत नाही.

मग सही जाते कशाने? गायकाचा उजवा हात भोपळ्यावर जेथे टेकतो तेथील घामाने, खिडकीतून येणाऱ्या उन्हाने, आणि सर्वांत अधिक पॉलिशने. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते. दुरुस्तीस दिलेले वाद्य कारागीर मोठ्या आस्थेने चकचकीत करून देतो आणि त्या चकाकीखाली सही गेलेली असते. उलट, वर्षानुवर्षे गवसणीत राहिलेल्या वाद्याचा सांधा सुटला, लाकडास कीड लागली, तरी कोणास पत्ता लागत नाही. जे वाद्य वरचेवर हातात घेतले जाते त्याचे दुखणे लवकर कळते.

यावरून आमचे मत असे की, सही हाताखाली येत नसेल तर तंबोरा वाजवावा. सही हाताच्या जागी असेल तर मऊ सुती कापड घालून, वर्षातून ठरावीक दिवशी, जाणत्या माणसाने वाजवावा. दुरुस्तीस देताना पॉलिश करू नये, असे कारागिरास लिहून द्यावे. भोपळ्यास तडा गेला असेल, किंवा त्या घडणीचे दुसरे वाद्य उरले नसेल, तर मात्र ‘मसीहा’प्रमाणे त्यास स्वस्थ बसू द्यावे. 2019 साली क्रेमोनात जुन्या वाद्यांचे सूर ध्वनिमुद्रित करण्यासाठी संग्रहालयाभोवतीचे रस्ते आठवडेच्या आठवडे शांत ठेवले गेले. आपल्याला एका दुपारी घरातला पंखा बंद ठेवून तंबोऱ्याचा नाद मुद्रित करता येईल.

आणि नोंद करावी. आमची सारी नोकरी सरकारी दप्तरात गेली, म्हणून हा आग्रह आहे असे कोणी म्हणेल. पण पागानिनींचे वाद्य जिनोआत राहिले ते त्यांनी मृत्युपत्रात चार शब्द लिहिले म्हणूनच. आपल्या घरांतील मुले पुण्यास, बंगळुरास, परदेशी गेली आहेत. सही कोणाची, कोणत्या मैफलीनंतर केलेली, हे ठाऊक असलेले एखादेच वडीलधारे माणूस घरात उरलेले असते. त्याच्या पश्चात ती सही कोणास वाचताही येणार नाही आणि तंबोरा जुन्या सामानाबरोबर विकला जाईल. तेव्हा वाजवावे की जपावे याचा निकाल लागेल तेव्हा लागो. त्या माणसास विचारून वाद्याची हकीकत, सहीचे छायाचित्र आणि वाद्य पुढे कोणाकडे जावे ही इच्छा, एवढे एका कागदावर उतरवून त्याची एक प्रत गवसणीत आणि एक घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. हे काम या पावसाळ्यापूर्वी सहज होण्याजोगे आहे.