उसण, पायाळू मावशी आणि अण्णांचा पट्टा

मंडळी, मागच्या दिवाळीला लातूरला घरी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. गाडीतून उतरलो, बॅग उचलायला वाकलो आणि कमरेत अशी काही चमक निघाली की तिथंच खांबासारखा उभा राहिलो. सरळ होता येईना, वाकता येईना. कसाबसा घरात शिरलो तर आईनं एका नजरेत निदान केलं, "उसण भरली."

नांदेडची मावशी भाऊबीजेला आलेलीच होती आणि मावशी पायाळू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते, असा आपल्याकडे जुना समज आहे. मला पालथं झोपवण्यात आलं. मावशीनं तीनदा पाय लावला. (तिसऱ्यांदा जरा जोरातच. लहानपणीचा काही हिशेब बाकी असावा :) )

तिसऱ्या दिवशी मी चांगला हिंडू-फिरू लागलो. मावशीचा रेकॉर्ड अबाधित!

आता मी पडलो इंजिनियर. सर्व्हर रीस्टार्ट केला, तक्रार थांबली, म्हणजे रीस्टार्टनंच बग गेला असं नसतं हे मला माहीत आहे. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप हलकी होते. आपण इलाज करायला धावतो ते दुखणं सगळ्यात जास्त असताना. त्यामुळे त्या दिवशी जे काही करू त्याला यश येतं. मावशीचा पाय असो, मलम असो की हजारो रुपयांचं यंत्र. कंबरदुखीच्या सगळ्या इतिहासाची ही पहिली अडचण: इथं जवळजवळ प्रत्येक इलाज 'लागू पडतो'.

पण त्याच घरात एक कंबर अशी आहे जी आपोआप हलकी झाली नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २०१० पासून ते कमरेला पट्टा बांधतात. अंघोळ आणि झोप सोडून सदैव. खाली मांडी घालून बसत नाहीत, बादली उचलत नाहीत, आणि तीन वर्षांची नात "आबा, घे" म्हणून हात वर करते तेव्हा दोन पावलं मागे सरकतात. या वेळी मी त्यांच्यासाठी कमरेला विजेचे हलके झटके देणारं ते टेन्स मशीन न्यायचं ठरवलं होतं. विकत घेण्याआधी जरा वाचू म्हणून बसलो आणि चार वीकांत त्यातच गेले. मशीन घेतलं नाही. का, ते सांगतो.

सुरुवात आजोबांपासून. आजोबा लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. मधोमध १९१७ साली बांधलेली गोल इमारत, तिच्याभोवती फुटणारे १६ रस्ते आणि रस्त्यांवर बाजार. तूर, ज्वारी, करडी, नंतर सोयाबीन. त्या काळी पोतं १०० किलोचं. आजोबा ते पाठीवर घेऊन थप्पी लावायचे. दिवसातून किती, हे त्यांनी कधी मोजलं नाही.

संध्याकाळी आजी विटकरीचा तुकडा चुलीत तापवायची आणि फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. कधी जाड मिठाची पुरचुंडी, कधी तेल लावून तव्यावर गरम केलेलं रुईचं पान, कधी निर्गुडीचा पाला. फळीवर एक छोटी बाटली असायची, झिंदा तिलिस्मात. हे औषध १९२० साली हैदराबादेत हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी काढलं. लातूर आणि नांदेड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे आमच्याकडे वैद्याइतकाच हकीमही घरचा. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात (गृध्र म्हणजे गिधाड), युनानीत इर्क-उन-नसा आणि डॉक्टरकडे सायटिका. एका दुखण्याला तीन भाषा, आणि तिन्ही आमच्या गल्लीत समजायच्या.

या घरगुती उपायांत तथ्य काय? थोडं आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट'चा सिद्धांत मांडला: स्पर्शाचे, दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अरुंद होते. चोळल्यावर बरं वाटतं ते यामुळे. (टेन्स मशीनही याच विचारातून जन्माला आलं.) मेंथॉल, कापूर, निलगिरी या मलमांमधल्या वस्तू त्वचेतल्या थंड-गरम जाणणाऱ्या यंत्रणेला चाळवतात. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा ग्राहक १९९७ साली सापडला, मेंथॉलचा २००२ साली. त्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आणि शेकाबद्दल २००६ साली सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा निष्कर्ष निघाला, की नव्या दुखण्यात उष्णतेनं थोडा, थोड्या काळापुरता आराम पडतो.

थोडा आणि थोड्या काळापुरता. आजीचा दावा तरी याहून मोठा कुठं होता? ती म्हणायची, "रात्री झोप तर लागंल." सकाळी आजोबा परत बाजारात. हजेरी नाही तर मजुरी नाही. पडून राहणं ही त्यांना न परवडणारी चैन होती.

यात 'जुनं ते सोनं' असं काही नाही, हे इथंच सांगतो. आजोबांची पाठ झिजली ती झिजलीच, आणि तिच्यावरचा खरा इलाज विटकरीत नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली पुरुष कामगारानं एका वेळी उचलायच्या ओझ्याची ५५ किलोंची मर्यादा शिफारस म्हणून ठेवली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाड्यांना आणि बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायतीत हमालांना संघटित केलं, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल हा कोणाचाच कामगार नसलेला माणूस कायद्यात आला. १०० किलोच्या पोत्याऐवजी ५० किलोचं पोतं, ही हमालाच्या कमरेसाठी कुठल्याही तेलापेक्षा मोठी गोष्ट होती.

आजोबांचं ओझं अण्णांच्या वाट्याला आलं नाही. ते त्याच बाजारात मुनीम झाले. गादीवर बसून, मांडीवर खातेवही. मी तर पुण्यात खुर्चीवर. तीन पिढ्यांत ओझं १०० किलोवरून शून्यावर आलं, पण 'कंबर दुखायलीय' हे वाक्य घरातून गेलं नाही. उलट आजोबा दुखणं घेऊन काम करत होते आणि अण्णा दुखणं सांभाळत बसले. हा फरक कुठून आला?

माझ्या मते त्याची सुरुवात बोस्टनमध्ये झाली. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवलं, की मणक्यांमधली चकती फाटून तिचा भाग नसेवर दाबला जातो आणि शस्त्रक्रिया करून तो काढता येतो. शोध खरा होता आणि मोठाही. पण त्यातून एक चित्र तयार झालं: पाठ म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वाट्या आणि त्यातली एक 'सरकते'. मशीनचा पार्ट बिघडला तर काय करायचं? मशीन बंद ठेवायचं. झालं! कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहा, फळीवर झोपा, वजन लावा, पट्टा बांधा, वाकू नका.

ही सगळी पथ्यं नंतर एकेक करून तपासली गेली. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक नाही, पण दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला: एक गट दोन दिवस झोपला, एकानं खास व्यायाम केले, एकानं जमेल तशी रोजची कामं चालू ठेवली. सगळ्यात लवकर तिसरा गट सुधारला. कडक फळीचंही तेच. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ जणांवर पाहिलं, तर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाले जास्त सुखात. पट्ट्याचं? २००० साली अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीत १६० दुकानांमधले नऊ हजारांहून जास्त कर्मचारी तपासले. पट्टा बांधणाऱ्यांचं दुखणं कमी झालं नाही.

आणि एमआरआय. इथं मी जरा हादरलो, कारण माझ्याही रिपोर्टात 'बल्ज' हा शब्द आहे आणि मी तो मित्रांना मिलिटरीतल्या जखमेसारखा सांगत असे. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढण्यात आला. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली निघाली! सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे रिपोर्टात जे लिहिलंय ते खोटं नसतं, पण तेच दुखतंय असंही नसतं. केस पांढरे होतात तसं बरंचसं ते असतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम आहे, दुखण्याची नीट समज देणं आहे, मालिशही आहे. नेहमीसाठी देऊ नका म्हणून जी यादी आहे त्यात वजन लावणं, कमरेचे पट्टे आणि टेन्स, तिन्ही आहेत. मशीन न घेण्याचं कारण हेच.

मग अण्णांना २०१० साली पट्टा का मिळाला? तोवर यातलं बरंचसं छापून आलं होतं. मला वाटतं, पट्टा दिसतो. तो देता येतो, घेता येतो, घरच्यांना दाखवता येतो. 'चाला आणि घाबरू नका' हे कागदावर लिहून दिलं तर पेशंटलाच वाटतं, डॉक्टरनं काही दिलंच नाही.

पट्ट्यानं अण्णांचं शरीर फारसं बिघडवलं नसेल. पण त्याच्याबरोबर एक वाक्य आलं, 'तुमची कंबर नाजूक आहे', आणि अण्णांनी ते पंधरा वर्षं पाळलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ मध्ये नेमकं हेच वाक्य पुसायला टीव्हीवर जाहिराती केल्या होत्या: पाठ दुखली म्हणून पडून राहू नका. लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले आणि भरपाईचे दावे कमी झाले.

एक महत्त्वाचं. हे सगळं साध्या कंबरदुखीबद्दल आहे. पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, बसायची जागा बधिर झाली असेल, ताप येऊन वजन उतरत असेल, किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर ना मावशी, ना शेक, ना हा लेख. सरळ डॉक्टर. मणक्याच्या टीबीवर पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्येच लिहिलं होतं, आणि तो आपल्याकडे आजही आहे.

तर हे सगळं मी अण्णांना संक्रांतीला सांगितलं. फोनवर नाही, समोर बसून. एमआरआयची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग इतकी वर्षं मी कशाला बांधलो रे हे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. इतिहास वाचताना मजा येते, पण तो कुणाच्या तरी पंधरा वर्षांवरून गेलेला असतो हे लक्षात राहत नाही. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, तेव्हा तसंच सांगत होते. आपण चालून तर बघू."

२०२४ साली ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांवरचा एक अभ्यास आला. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि नीट समजावून सांगितलं, त्यांचं दुखणं परतायला मधल्या अंदाजानं २०८ दिवस लागले. बाकीच्यांचं ११२ दिवसांत परतलं. अण्णांचा दुखणा जुना, त्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. पण चालायला पैसे पडत नाहीत.

सध्या ते रोज सकाळी २५ मिनिटं चालतात. मागच्या महिन्यात मावशीकडे नांदेडला गेले तेव्हा नगीना घाटापर्यंत जाऊन गोदावरी बघून आले. कंबर दुखते का? दुखते. रात्री आई शेक देते, आता रबरी पिशवीचा. पट्टा प्रवासात बांधतात, बाकी वेळ तो दाराच्या खुंटीला असतो. फेकून द्यायला तयार नाहीत आणि मीही आग्रह करत नाही.

नातीला अजून उचललेलं नाही. पण परवा आई फोनवर सांगत होती, हल्ली ते मागे सरकत नाहीत. खाली बसतात आणि तीच येऊन मांडीवर चढते.

असो. हे लिहीपर्यंत खुर्चीत दोन तास झाले. उठतो आता. तुम्हीही उठा.