खणांतला संगणक

माझ्या टेबलाच्या खणांत तळहाताएवढा एक संगणक गेलीं कित्येक वर्षें पडून आहे. आतां तो कांहींच कामाचा नाहीं. तरी टाकून देववत नाहीं. घरची मंडळी यावरून मला हंसतात. परंतु त्याच्या निमित्तानें थोडा इतिहास आपणांस सांगावा, असें मनांत आहे.

इ. स. २००२ च्या सुमारास एका माजी विद्यार्थ्यानें हा विलायती संगणक मला भेट दिला. त्याला कळफलक नव्हता. लहानशा लेखणीनें कांचेवर अक्षरें काढावीं लागत. तींहि रोमन, आणि यंत्रानें ठरविलेल्या वळणाचीं! मुलांचें वळण सुधारणारा मी मास्तर पुन्हां मुळाक्षरें गिरवूं लागलों. जुन्या विद्यार्थ्यांचीं नांवें व पत्ते मीं मोठ्या हौसेनें त्यांत भरले. मात्र 'नांदेड' हा शब्द नागरींत लिहिण्याची सोय नव्हती.

पुढें लातुरास बहिणीकडे महिनाभर राहणें झालें. नांदेडास परतून पाहतों, तों बॅटऱ्या संपलेल्या आणि सारी यादी नाहींशी झालेली! त्या यंत्राची स्मृति विजेवर जगत होती. वीज सरली, तशी तीहि गेली. शाळेच्या हजेरीपटावरून नांवें पुन्हां उतरून घेतलीं. पत्ते गेले ते गेलेच.

परभाषेची ही अडचण ओळखून आपल्या देशांतहि एक प्रयत्न झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन् व व्ही. विनय हे अध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर कंपनींतील तंत्रज्ञ यांनीं १९९८ च्या सुमारास 'सिंप्युटर' या हस्तसंगणकाची कल्पना मांडली. एप्रिल २००१ मध्यें त्याचा नमुना लोकांपुढें आला. निरक्षरासहि वापरतां यावा म्हणून त्यांत चित्रांच्या खुणा होत्या आणि मजकूर देशी भाषेंत वाचून दाखविण्याची योजना होती. गांवांत यंत्र एकच असलें, तरी ज्याची माहिती त्याच्याजवळ राहावी, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र स्मार्ट कार्ड देण्याची कल्पना होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सनें तयार केलेला 'अमिडा सिंप्युटर' २६ एप्रिल २००४ रोजीं बाजारांत आला. त्यावर आपल्या हस्ताक्षरांतील पत्र, मग लिपि कोणतीहि असो, जसेंच्या तसें ई-मेलनें धाडतां येई. हें कळलें तेव्हां माझें काळीज सुपाएवढें झालें!

परंतु किंमत ९,९५० रुपयांपासून पुढें. २००५ पर्यंत सुमारें चार हजारच नग खपले. यंत्र गांवानें मिळून वापरावें, ही कल्पना उदात्त खरी; पण गांवाच्या वतीनें पैसे कोणीं भरावे, बिघडल्यास तें कोणाकडे न्यावें, या प्रश्नांचीं उत्तरें यंत्रांत कशीं असणार? तेवढ्यांत मोबाइल स्वस्त होत गेला, आणि सामायिक यंत्रापेक्षां स्वतःचा फोन लोकांना जवळचा वाटला.

तथापि सिंप्युटर वायां गेला, असें मी म्हणणार नाहीं. चित्रांच्या खुणा, बोटाचा स्पर्श, स्वभाषेंतील वाणी हें सारें आज साध्या फोनांतहि आढळतें. मी मराठींत बोलतों आणि नातीचा फोन तें नागरींत लिहून घेतो; 'नांदेड' हा शब्दसुद्धां.

विद्यार्थ्यांची नवी यादी मीं त्याच फोनांत भरली आहे. मात्र तिची एक प्रत वहींतहि उतरून ठेविली आहे.